आईचा सहभाग

“बोल,” मी म्हणाले. “काहीही बोल. भाकरीबद्दल बोल, म्हशीबद्दल बोल, मला शिव्या दे हवं तर. पण बोल!”

दीपमालानं मान हलवली. सव्वा वर्ष झालं, दर मंगळवारी ती अशीच मान हलवायची आणि माझं डोकं फिरायचं. तिच्या मांडीवर तेजल बसली होती, अडीच वर्षांची, दोन्ही कानांमागे मशीनं लावलेली. शेजारच्या खुर्चीत तिचे आजोबा, म्हणजे दीपमालाचे सासरे, टोपी गुडघ्यावर ठेवून ताठ बसलेले. त्यांना सगळे आबा म्हणायचे.

“अगं, मान मला काय दाखवतेस? मला ऐकू येतं. तिला येत नाही.”

आबा खाकरले. म्हणाले, “मॅडम, पोर ऐकते. परवा थाळी पडली तर दचकली.”

“थाळीनं भाषा येते का आबा? पोर बोलणं ऐकेल तेव्हा बोलेल. आणि बोलणार कोण? आईच ना?”

आबांनी कसनुसं हसून सुनेकडे न बघता सुनेच्या दिशेला बघितलं. दीपमालानं पुन्हा मान हलवली. मी पेन टेबलावर आपटलं आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी एका ट्रस्टनं बहिऱ्या बाळांसाठी केंद्र काढलं होतं आणि मी तिथली एकुलती एक स्पीच थेरपिस्ट होते. मी साताऱ्याची, शिक्षण पुण्याचं, वय बत्तीस, आणि तोंड असं की माझ्यासमोर डॉक्टरसुद्धा दोनदा विचार करून बोलायचे. बाळांच्या कानाला मशीन लावायचं आणि मग त्यांच्या आयांना बोलायला शिकवायचं, हे माझं काम. हो, आयांनाच. मशीन फक्त आवाज आत पोचवतं. त्या आवाजाचं बोलणं व्हायचं तर घरात दिवसभर कुणालातरी त्या बाळाशी बोलत राहावं लागतं. आंघोळ घालताना, कणीक मळताना, केस विंचरताना. तीन वर्षांच्या आत ते झालं तर झालं, नाहीतर मग मेंदू तो रस्ताच सोडून देतो.

हे सगळं मी पहिल्या दिवशी तेजलच्या घरच्यांना समोर बसवून सांगितलं होतं. आई, बाप विजेंद्र आणि आबा. सासू वारलेली, घरात एवढीच माणसं. विजेंद्र कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, तो नंतर फारसा आलाच नाही. दर मंगळवारी सतरा किलोमीटरवरून एसटीनं आबाच त्या दोघींना घेऊन यायचे. घरचं जे माणूस सोबत येईल त्यानं आत बसलंच पाहिजे, हा माझा नियम होता. आजोबांना उन्हात बाहेर बसवून ठेवणाऱ्यांतली मी नव्हे, याचं मला तेव्हा फार कौतुक वाटायचं.

एकदाच ती बोलली. नोव्हेंबरातला मंगळवार. आबांना खोकल्याची उबळ आली म्हणून ते पाणी प्यायला बाहेर गेले. मी कपाटात तोंड घालून खेळणी शोधत होते. पाठीमागून आवाज आला, “तेजू, हाई देख, चिडी उनी! चिडी! भुर्र गयी!”

मी वळले. खिडकीच्या गजावर चिमणी येऊन गेली होती. दीपमालाचा चेहरा उघडा होता, पदर खांद्यावर, आणि तेजल... तेजल आईच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मग तिनं खिडकीकडे बघितलं. मग परत आईच्या तोंडाकडे. तिचे ओठ हलले.

अहो, मला नाचावंसं वाटलं. त्या क्षणासाठी तर आम्ही जन्म काढतो. आणि मी काय केलं? आधी मास्तरकी केली. म्हणाले, “चिमणी म्हण, चिमणी. चिडी नको, पुस्तकातला शब्द सांग तिला.” बघा माझी अक्कल! आणि मग दार उघडून ओरडले, “आबा, लवकर या! तुमची सून काय छान बोलते बघा!”

आबा आत आले. दीपमालाचा पदर भुवयांपर्यंत आला.

“म्हण आता. मघाशी म्हणालीस ते म्हण.”

ती खाली बघत राहिली.

“दीपमाला, मी तुझ्याशी बोलतेय.”

तेजल तिच्या हनुवटीला हात लावून तोंड वर करायला बघत होती. तिनं पोरीचा हात हळूच बाजूला केला.

“नाटकं करतेस का गं माझ्यासमोर?” माझा पारा चढला. “आत्ता तर पोपटासारखी बोलत होतीस! मंगळवारी एकदा माझ्यासमोर गोडगोड बोलून मला बनवायचं आणि घरी तोंडात गुळणी धरून बसायचं, असंच ना?”

डोक्यावरून पदर म्हणजे पदर, तेवढंच मला ठाऊक होतं. आमच्याकडेही बायका घेत, आणि पदराआडून सासऱ्याशी कडाकडा भांडतही. त्यापलीकडे माझं डोकं गेलंच नाही.

त्याच आठवड्यात पुण्याहून पत्र आलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी ट्रस्टच्या एका मुलाचं कानाच्या आतलं ऑपरेशन फुकट करायचं ठरवलं होतं. मशीनं ज्यांना पुरत नाहीत अशा मुलांसाठी ते ऑपरेशन. एकच जागा, वय तीनच्या आत, आणि दरवर्षी डिसेंबरात एकदाच यादी. माझ्याकडे दोन मुलं बसत होती. एक तेजल, दुसरा स्वानंद देवरे. तेजलला तीन वर्षं जूनमध्ये पुरी होणार होती, म्हणजे तिच्यासाठी हीच यादी पहिली आणि शेवटची. स्वानंद तिच्याहून दोन महिन्यांनी मोठा, त्याचंही तेच.

स्वानंदची आई अपर्णा शाळेत शिक्षिका. बाई दात घासण्यापासून बोलायला सुरुवात करायची. “स्वानंद, हा बघ ब्रश, ही बघ पेस्ट, आता आपण काय करणार?” वही भरून आणायची, रंगीत चित्रं चिकटवून. मला तिचं फार कौतुक. माझ्यासारखीच होती ना.

फॉर्मवर एक रकाना होता: आईचा सहभाग. ऑपरेशननंतर दोन वर्षं घरी मेहनत घ्यावी लागते, ती घेतली नाही तर ऑपरेशन पाण्यात. म्हणून डॉक्टर त्या रकान्यावरच निर्णय घ्यायचे. स्वानंदच्या फॉर्मवर मी लिहिलं, ‘उत्कृष्ट’. तेजलच्या फॉर्मवर लिहिलं, ‘नाही. आई उदासीन आहे. सव्वा वर्षात वारंवार सांगूनही मुलीशी बोलत नाही.’ खाली सही केली, शिक्का मारला. बरी जिरली, असंच वाटलं. खोटं कशाला सांगू?

दहा दिवसांनी स्वानंदचं नाव आलं. अपर्णानं केंद्रात पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

तेजलकडे मी स्वतः गेले. मशीनच्या कानातल्या साच्याचं माप घ्यायचं निमित्त होतं, पण खरं म्हणजे मला त्या बाईला तिच्या घरात, तिच्या चुलीसमोर उभं करून सुनवायचं होतं. पोचले तेव्हा अकरा वाजले होते. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत खाटेवर आबा, त्यांच्या पायाशी सतरंजीवर तेजल. आतल्या दारात दीपमाला पाठमोरी भाकऱ्या थापत होती.

आबांना कोण आनंद झाला! “या, या मॅडम, बसा.” मला खुर्ची दिली, स्वतः खाटेच्या कडेला बसले. मग बोलणं संपलं. मी मापाचं सामान काढलं, साच्याचं काम केलं, आणि मग मुद्दाम बसून राहिले. म्हटलं बघू, किती वेळ गप्प राहते ही.

अर्धा तास झाला. घरात भाकरी थापल्याचा आवाज तेवढा होता. आबा तेजलकडे बघत होते, तेजल आबांच्या काठीशी खेळत होती. काठी पडली की आबा उचलून तिच्या हातात देत. एक शब्द नाही.

मग आतून टण टण असा आवाज आला. दीपमालानं तांब्यावर वाटी वाजवली होती, दोनदा. तेजलनं झटकन मान वळवली. काठी टाकली, उठली, आबांचं बोट धरलं आणि त्यांना मोरीकडे ओढायला लागली. आबा हसत उठले, हात धुतले, पाटावर बसले. आतून ताट सरकत बाहेर आलं.

“हे काय?” मी विचारलं.

“जेवण तयार झालं. दोनदा वाजवलं म्हणजे जेवण, एकदा वाजवलं म्हणजे चहा.” आबा कौतुकानं म्हणाले, “पोरीला सगळं कळतं मॅडम. तिला भूक लागली की तीच जाऊन वाटी वाजवते.”

पोरीनं वाटीचा आवाज ऐकला होता, त्याचा अर्थ लावला होता, उलट तोच आवाज वापरून मागायलाही शिकली होती. त्या घरात जेवढी भाषा होती तेवढी सगळी ती शिकली होती. यापेक्षा हुशार मूल मी माझ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

“ती तुम्हाला हाक का मारत नाही?”

“कोण, सून?” आबांना माझा प्रश्नच कळेना. “आमच्यात सून सासऱ्यापुढे तोंड उघडत नाही मॅडम. मर्यादा असते. पाच वर्षं झाली लग्नाला, तिचा आवाज कसा आहे ते मला ठाऊक नाही.”

“आणि तुम्ही दिवसभर घरातच असता?”

“मग! तुम्हीच नाही का सांगितलं पहिल्या दिवशी? पोरीला एक मिनिट एकटी ठेवू नका, घरातलं मोठं माणूस सतत जवळ पाहिजे. त्याच आठवड्यात मी शेत वाट्यानं देऊन टाकलं. पारावर बसायचो, तेही सोडलं. विजू कामावर जातो, मग मी नको का? सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तिच्याजवळ बसतो. माझी एकच नात आहे.”

“तुम्ही बोलता तिच्याशी?”

“मी?” ते ओशाळले. “पुरुषमाणूस लेकराशी काय बोलणार? बसतो मी. तिला बरं वाटतं.”

म्हणजे सव्वा वर्ष हा माणूस प्रेमापोटी त्या घराचं तोंड बंद करून बसला होता. आणि त्याला बसवलं होतं मी. घरी मी बसवलं, आणि दर मंगळवारी माझ्या खोलीत सुनेच्या शेजारी खुर्ची देऊनही मीच बसवलं.

शहाणी बाई असती तर तिथं गप्प बसली असती. पण माझं तोंड! स्वतःची चूक कळली की मला आधी राग येतो, आणि तो दुसऱ्यावर निघतो.

“मग आता ऐका आबा,” मी म्हणाले. “पुण्याला फुकट ऑपरेशन होणार होतं. तेजलचा नंबर लागला असता. तुमची सून बोलत नाही म्हणून तिचं नाव गेलं.”

आबांचा घास हातातच राहिला. आत भाकरी थापायची थांबली.

“बोलली असती तर लागला असता?” त्यांनी विचारलं.

“लागला असता.”

त्यांनी घास ताटात ठेवला, ताटाला नमस्कार केला आणि उठले. बराच वेळ हात धूत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “मला एक शब्द सांगायचा ना मॅडम. मी गोठ्यात राहायला गेलो असतो. त्यात काय होतं?”

मग ते आतल्या दाराकडे वळले. त्यांना सुनेला थेट काही म्हणायची सवयच नव्हती, म्हणून भिंतीकडे बघत म्हणाले, “बोल व बेटा. आता बोल. मी काय वाघ शे का? बोल पोरीशी.”

दीपमाला दारात आली. हाताला पीठ लागलेलं. तिनं तेजलकडे बघितलं, तोंड उघडलं. ओठ हलले, पण आवाज फुटेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तेजल खाली बसून तिच्या पायातल्या जोडव्यांशी खेळत होती.

आबांनी एक मिनिटभर वाट बघितली. मग खाटेवरची वाकळ गुंडाळली, उशी काखेत मारली, टोपी घातली. तेजलच्या डोक्यावरून हात फिरवला आणि भर उन्हात घराबाहेर पडले, ते शेताच्या बाजूला गेले.

ते दिसेनासे झाले तेव्हा दीपमालानं पदर मागे केला. तिचा आवाज स्पष्ट होता, चांगला खणखणीत होता.

“मॅडम, मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “सगळ्यांनाच ठाऊक असतं ना. मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम आबांना आत बसवता. माझी परीक्षा बघायला.”

“मला सांगायचंस ना गं.”

“कधी सांगू? ते कायम तिथंच होते.”

परत येताना एसटीत माझ्या डोक्यात एकच होतं: फोन. केंद्रात पोचल्या पोचल्या पुण्याला फोन लावला. डॉक्टर भले माणूस होते. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “ऑपरेशनला अजून तीन आठवडे आहेत. तुम्ही मला लेखी द्या की मुलीचा अहवाल चुकीचा होता, आईला दोष नाही. मी दोन्ही मुलं पुन्हा तपासतो आणि नव्यानं ठरवतो.”

“म्हणजे स्वानंदचं नाव जाईल?”

“जाईल किंवा राहील. पण निदान न्याय होईल. तुमच्या ट्रस्टलाही एक प्रत पाठवा, तो नियम आहे.”

मी कागद घेतला. ‘मी दिलेला अहवाल’ एवढं लिहिलं आणि थांबले.

नंतर कित्येक वर्षं मी स्वतःला सांगितलं की मी स्वानंदसाठी थांबले. त्या बाईनं पेढे वाटलेत, आता तिच्या तोंडचा घास कसा काढायचा? लोकांनाही तेच सांगितलं, आणि लोक म्हणाले, खरंय बाई, तुमच्यावर काय प्रसंग आला! पण ते खरं नाही. मी थांबले ते ट्रस्टला जाणाऱ्या प्रतीपाशी. पुण्याहून आलेली एवढी हुशार बाई, सव्वा वर्ष समोर बसलेल्या आईला तू घरात बोलू शकतेस का, एवढं विचारू शकली नाही, हे माझ्याच अक्षरात फायलीला लागणार होतं. ते माझ्यानं लिहवलं नाही. आज लिहीन, उद्या लिहीन करता करता तीन आठवडे गेले. स्वानंदचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. तो आज इंजिनियर आहे आणि दर दिवाळीला मला फोन करतो. त्याचा आवाज ऐकला की मला जेवण जात नाही.

त्या तीन आठवड्यांत मी मंगळवारची खोली बंदच ठेवली होती, शिबिराचं निमित्त काढून. जानेवारीच्या पहिल्या मंगळवारी दीपमाला आली. एकटी, तेजलला कडेवर घेऊन. दारातूनच बोलत आली.

“तेजू, हे मॅडमचं दार, ही मॅडमची खुर्ची, आपण एसटीनं आलो ना? एसटी कशी आली? घर्रर्र आली! मॅडम, आबा गोठ्यावरच झोपतात, जेवायला पण येत नाहीत, मी डबा पाठवते. मी दिवसभर बोलते हो. भांडी घासताना बोलते, झाडताना बोलते. शेजारच्या बायका म्हणतात, हिला वेड लागलं. लागू दे.” तिचा घसा पार बसला होता. शब्द खरखरत बाहेर पडत होते. “परवापासून आवाजच जातोय. मीठपाण्याच्या गुळण्या करते आणि परत बोलते.”

तेजल आईच्या तोंडाकडे बघत होती. तिला त्या मशीनमधून किती पोचत होतं ते मला माझ्या कागदांवरून नेमकं माहीत होतं. फार थोडं.

“मॅडम, तुम्ही बघताय ना माझं बोलणं?” दीपमालानं विचारलं. “लिहून घ्या. पुढच्या यादीत लागेल ना नंबर आता?”

पुढची यादी डिसेंबरात. तेजलला जूनमध्ये तीन पुरी. वयाची अट मी तिला कधी सांगितलीच नव्हती.

“लागेल,” मी म्हणाले.

तिनं डोळे पुसले आणि पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरून, जमेल तितक्या मोठ्यानं तिला सांगायला लागली, “ऐकलं का तेजू? मॅडम काय म्हणाल्या? नंबर लागेल. आपला नंबर लागेल.” एकदा सांगून मूल शिकत नाही म्हणून तिनं ते तीनदा सांगितलं, आणि मी समोर बसून ऐकून घेतलं.